गैरहजर मताचे वजन

खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. दरवर्षी ३ जानेवारीस तेथे त्यांची जयंती साजरी होते व स्त्रीशक्तीचा गौरव केला जातो. तो उचितच होय. परंतु गावातील दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून स्त्रिया सनदशीर मार्गाने पुढे येतात, तेव्हा शासन त्यांच्यापुढे कोणते गणित मांडते, याचाही विचार व्हावयास हवा.

राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केल्यास, पडताळणीनंतर गुप्त मतदान घेतले जाते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. दगडफेक नाही, मोडतोड नाही. १९३० साली सविनय कायदेभंगात स्त्रियांनी दारूच्या दुकानांवर पिकेटिंग केले. त्याच मार्गाचे हे कायदेशीर रूप म्हणता येईल.

मेख पुढेच आहे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस मिळावी लागतात. समजा, यादीत १,००० स्त्रिया आहेत. ६०० आल्या, ४८० जणींनी आडवी बाटली निवडली, १२० जणींनी उभी. मतदान करणाऱ्यांपैकी ८० टक्के स्त्रियांना दुकान नको आहे, तरीही ते चालूच राहते! आमदार-खासदारांना मात्र प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक मत अधिक मिळाले तरी पुरते.

यादीतील मृत, सासरी गेलेल्या आणि पोटासाठी मुंबईस राहणाऱ्या स्त्रियाही अशा रीतीने उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, दुकानाच्या समर्थकांना मतदान करण्याची गरजच उरत नाही; स्त्रियांना घरी थोपविले की काम भागते. मग जी केंद्रावर जाते, तिचे मत काय असणार हे साऱ्या गावास आधीच कळते. गुप्त मतदानाची गुप्तताच येथे संपुष्टात येते.

परवाना हा कोणाच्या तरी उपजीविकेचा प्रश्न आहे, तो मूठभरांच्या मतावर रद्द होऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपायही आहे : झालेल्या मतदानात बहुमत आणि एकूण यादीच्या किमान एकतृतीयांश मते, अशी दुहेरी अट घालावी. दारूचा महसूल राज्याच्या तिजोरीत जमा होतो. तिची किंमत मात्र मजुराच्या चुलीपाशी चुकती होते. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व नमूद करणाऱ्या देशात एवढी दुरुस्ती अवघड नसावी.

तोवर गावोगावच्या शिक्षकांनी, कारकुनांनी व विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे : मतदारयादी तपासून दुरुस्त करून घेणे. घोषणांइतके ते आकर्षक नाही. परंतु अहिंसक लढा अनेकदा अशा कोरड्या कागदांवरच जिंकला किंवा हरला जातो.