'च्यू' आणि 'मंच' : चावण्या-चावण्यातला फरक

"मंचिंगला काय आहे?" हे वाक्य आता मराठी घरांतही ऐकू येतं. त्यामुळे 'मंच' हे क्रियापद कॉलेजच्या कट्ट्यावर जन्मलेलं, 'च्यू'चंच नवं रूप असावं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही.

'मंच' इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये एक चेटकीण सांगते, की खलाशाची बायको ओच्यात चेस्टनट घेऊन खात बसली होती. तिथे हे क्रियापद लागोपाठ तीनदा येतं. हे नाटक छापलं गेलं 1623 मध्ये. खाण्याच्या आवाजावरूनच हा शब्द बनला असावा, असं कोशकार मानतात. 'च्यू' त्याहून जुनं आहे आणि जर्मनमधल्या 'काउएन'शी त्याचं नातं आहे.

खरा फरक पडतो तो पोटात काय जातं यावरून. 'च्यू' म्हणजे दातांखाली पुन्हा पुन्हा दाबणं. ते गिळायलाच हवं असं नाही. म्हणून तंबाखू, पेन्सिलीचं टोक, नखं, या सगळ्यांना 'च्यू' चालतं. 'मंच'मध्ये खाणं आलंच, तेही सावकाश, एका लयीत, बहुतेकदा कुरुमकुरुम आवाज करत. च्युइंगम कुणी 'मंच' करत नाही. पण म्हणून हा शब्द फक्त वेफर्स-चकल्यांसाठी आहे असं समजू नये. सँडविचही 'मंच' करतात, मेंढ्या गवतही. तेच गवत पुन्हा तोंडात येऊन रवंथ सुरू झाला, की मात्र 'च्यू'.

मराठी माणसाची गफलत होते ती आपल्या 'चावणे'मुळे. घासही चावतो आणि कुत्राही चावतो. इंग्रजीत कुत्रा चावला तर 'बाइट'. तिथे 'च्यू' म्हटलं, तर कुत्रा पाय चघळत बसला होता असं चित्र उभं राहतं!

याहून अवघड आहे 'च्यू ओव्हर'. आपल्याकडे विषय चघळणं म्हणजे तेच तेच उगाळणं. 'चर्वितचर्वण'लाही तोच दोष चिकटलेला. इंग्रजीत 'च्यू ओव्हर' म्हणजे निर्णयाआधी नीट, शांतपणे विचार करणं. त्यात दोष नाही, उलट जबाबदारी आहे. परदेशी सहकाऱ्यानं तुमच्या प्रस्तावावर हे शब्द वापरले, तर मनाला लावून घेऊ नका. "विचार करून सांगतो," एवढंच तो म्हणतो आहे.