हवा गेली तरी ऐंशी किलोमीटर

चेन्नईहून बेंगळुरूकडे निघालं, की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. १९९८ साली सँट्रो जिथून बाहेर पडली तो ह्युंदाईचा कारखाना इथलाच. मोटार शर्यतींचा ट्रॅकही इथे १९९० पासून आहे. श्रीपेरुंबुदूरला जेके आणि ओरगडमला अपोलो टायर बनवतात, तर चेंगलपट्टूजवळ २००७ पासून बीएमडब्ल्यूच्या गाड्या जुळवल्या जातात. आपल्याकडे रन-फ्लॅट टायरचं नाव पसरलं ते मुख्यतः या बीएमडब्ल्यूंमुळे.

रिमवरून उतरवलेल्या साध्या टायरची बाजूची भिंत हाताने दाबली तर सहज आत जाते. रन-फ्लॅटची भिंत जोर लावला तरी फारशी हलत नाही. तिच्या आतल्या अंगाला चंद्रकोरीच्या आकाराचा जाड, उष्णता सोसणारा रबर बसवलेला असतो. एरवी गाडीचं वजन पेलते ती हवा. ती गेली की साध्या टायरची भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेंगरते, तापते आणि थोड्याच अंतरात फाटते. इथे मात्र भिंतच वजन उचलते. म्हणून हवा पूर्ण गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८०च्या आत, गाडी नेता येते. इरुंगाट्टुकोट्टैहून निघालात तर कांचीपुरम आरामात गाठाल, वेल्लोर नाही.

गाडी इतकी सरळ चालते, की हवा गेल्याचं चालकाला कळतही नाही. त्यामुळे टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा या टायरसोबत असावीच लागते. डॅशबोर्डवरचा दिवा लागला तरी दुर्लक्ष करून ताशी शंभरने पळणाऱ्याला हा टायर वाचवू शकत नाही.

याचा खरा उपयोग कुठे, असं विचाराल तर मी समृद्धी महामार्गाचं नाव घेईन. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, कारला ताशी १२०ची मुभा आणि मधल्या कित्येक पट्ट्यांत रात्री चिटपाखरूही दिसत नाही. अशा जागी लहान मुलांना गाडीत बसवून, भरधाव ट्रकांच्या कडेला जॅक लावत बसणं म्हणजे जिवाशी खेळ. कडेला न थांबता पुढचा टोलनाका किंवा पेट्रोल पंप गाठता येणं ही मोठीच सोय आहे, आणि तिची किंमत पैशांत करू नये.

पण त्याच टायरवर घाट उतरून गावच्या रस्त्याला लागा. कडक भिंत धक्का पोटात घेत नाही, तो सरळ रिमला आणि तिथून पाठीच्या मणक्याला देते. धारदार काठाच्या खड्ड्यात आपटलं तर भिंतीला फुगा येतो, कधी अलॉयलाच तडा जातो. भिंत फाटली तर ८० किलोमीटरचा हिशेबही संपतो. शिवाय टायर जड आणि महाग. हवेविना चालवल्यावर आतून किती भाजलाय हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे बहुतेक कंपन्या दुरुस्तीला नाही म्हणतात. साध्या ट्यूबलेसचं खिळ्याचं भोक कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दहा मिनिटांत बुजवतो. इथे पूर्ण टायर बदलावा लागतो, आणि तो माप जुळणारा लहान गावात मिळेलच असं नाही.

गुळगुळीत रस्ता आणि लांबची मदत, या दोन गोष्टी एकत्र असतील तिथे रन-फ्लॅट शोभतो. आपल्याकडे बहुधा उलट असतं: रस्ता वाईट आणि पंक्चरवाला जवळ. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांना दाब दाखवणारी यंत्रणा, चांगले ट्यूबलेस आणि हवा तपासलेली स्टेपनी जास्त उपयोगी. ही स्टेपनीच आता हळूहळू हरवते आहे. ट्यूबलेस टायर, दाबाची यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ती न देण्याची मुभा केंद्राने २०२० साली दिली. किटमधल्या द्रवाने छोटं भोक बुजतं, फाटलेली भिंत नाही.

धक्क्यांना कंटाळून पुष्कळ मालक रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवतात. त्यांनी डिकी उघडून आधी बघावं. मूळ गाडी स्टेपनीशिवाय आखलेली असेल, तर तिथे चाकाला जागा नसते, जॅक आणि पान्हाही नसतो. नवे टायर घेतानाच या गोष्टींची सोय करावी, आणि दाबाची यंत्रणा नव्या टायरवर चालते ना, हे दुकानातच तपासून घ्यावं.