आम्ल खर्च होते की परत मिळते?

विद्युत अपघटन शिकवताना आपण बहुधा तांब्याच्या शुद्धीकरणाचे उदाहरण घेतो. अशुद्ध तांबे धनाग्राला, शुद्ध तांब्याची पातळ पट्टी ऋणाग्राला आणि मध्ये मोरचुदाचे द्रावण. एकीकडे विरघळलेले तांबे दुसरीकडे बसते, म्हणून निळा रंग टिकतो. पण धनाग्र तांब्याचे नसेल तर? या प्रश्नाच्या उत्तरावर हलक्या प्रतीच्या धातुकापासून तांबे मिळवण्याचा मोठा उद्योग उभा आहे.

समजा, धातुकात ०.५ टक्के तांबे आहे. म्हणजे एक टन दगडात तांबे फक्त ५ किलो! एवढा दगड भट्टीत वितळवणे परवडत नाही. तांबे ऑक्साइडच्या रूपात असेल तर सोपा मार्ग आहे. फोडलेल्या दगडाचा ढीग न झिरपणाऱ्या अस्तरावर रचतात आणि त्यावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल ठिबकत ठेवतात. हे निक्षालन.

कॉपर ऑक्साइड + सल्फ्युरिक आम्ल → कॉपर सल्फेट + पाणी

खाली जमणारे द्रावण विरल असते आणि त्यात लोहही असते. म्हणून रॉकेलसारख्या तेलात तांबे निवडून धरणारे सेंद्रिय संयुग मिसळून त्याबरोबर ते घुसळतात. तांबे तेलात जाते, लोह मागे राहते. मग तेल तीव्र आम्लाबरोबर घुसळले की तांबे पुन्हा पाण्यात उतरते. पण आता ते द्रावण शुद्ध आणि दाट असते. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ब्लूबर्ड खाणीत १९६८ साली ही जोड प्रथम औद्योगिक प्रमाणावर दिली गेली. निक्षालन आणि विद्युत अपघटन मात्र चिलीतील चुकिकामाता येथे १९१५ पासूनच चालू होते.

अखेरच्या टाकीत धनाग्र शिशाच्या मिश्रधातूचे असते. ते विरघळत नाही. त्याच्याजवळ पाण्याचेच विघटन होते.

कॉपर सल्फेट + पाणी → तांबे + ऑक्सिजन + सल्फ्युरिक आम्ल

विद्यार्थ्यांना दोन्ही समीकरणांची बेरीज करायला सांगावी. आम्ल, पाणी, कॉपर सल्फेट दोन्ही बाजूंनी कटतात. उरते एवढेच: कॉपर ऑक्साइडपासून तांबे आणि ऑक्सिजन. आम्ल केवळ हमाल. तांबे वाहून आणायचे आणि रिकाम्या हाताने पुन्हा ढिगाकडे जायचे. खरे काम वीज करते. म्हणूनच शुद्धीकरणाला सुमारे ०.३ व्होल्ट पुरतात, तर येथे सुमारे २ व्होल्ट लागतात. किलोमागे साधारण २ युनिट वीज.

पण दगडात चुनखडी असेल तर आम्ल तिच्याशी संयोग पावून जिप्सम बनते आणि ते आम्ल परत येत नाही. तांब्याचे प्रमाण तेच असूनही अशी खाण तोट्यात जाऊ शकते. अस्तर फाटले तर तेच आम्ल भूजलात उतरते.

वर्गात दोन पेल्यांत मोरचुदाचे फिकट द्रावण घ्या. एकात तांब्याच्या दोन पट्ट्या, दुसऱ्यात जुन्या सेलमधील कार्बनच्या दोन कांड्या बुडवून दोन-तीन सेल जोडा. मोरचूद विषारी आहे, हात धुवायला विसरू नका. कोणत्या पेल्यातला निळा रंग उडतो आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.