विकिपीडियातील दुरुस्तीची रीत
२००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियातील बहुतेक लेखांत कोणाही वाचकास फेरफार करण्याची मुभा असल्याने, त्यातील ज्ञान विश्वासार्ह कसे मानावे ही शंका रास्तच आहे. परंतु तेथील प्रत्येक फेरफार ‘इतिहास’ या सदरी तारीखवार दाखल होतो. कोणी एखाद्या किल्ल्याच्या लेखातील बांधणीचे साल आधाराविना बदलले, तर त्या लेखावर नजर ठेवणारा स्वयंसेवक जुना व नवा मजकूर शेजारीशेजारी ताडून पाहतो आणि ‘संदर्भ हवा’ असा शेरा मारतो, किंवा पूर्वीचाच मजकूर कायम करतो. वादाचा निवाडा त्या लेखाच्या चर्चापानावर, आणि प्रश्न व्यापक असल्यास मराठी विकिपीडियाच्या ‘चावडी’ या सामाईक चर्चास्थळी होतो; तेथे मतसंख्येहून ग्रंथाधारास अधिक वजन द्यावे, हा दंडक मला सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र ज्या लेखाकडे कोणाचेच लक्ष नाही, त्यातील चूक दीर्घकाळ तशीच राहू शकते.