खाजगी वनातील हरिण व रानटर्की : अधिवास-संवर्धनाचे तत्त्व आणि त्यातील अंतर्विरोध

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागातील बहुतांश वनभूमी सरकारी नसून खाजगी मालकीची आहे, आणि तिचा मोठा हिस्सा सामान्य कुटुंबांच्या हाती आहे. वन म्हटले की वनखाते डोळ्यांपुढे उभे राहते अशा भारतीय वाचकाला ही व्यवस्था अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. तेथील वन्य प्राण्यांचे भवितव्य बव्हंशी या असंख्य लहान मालकांच्या निर्णयांवर अवलंबून असते. त्यांपैकी अनेकांना लाकडाच्या उत्पन्नापेक्षाही आपल्या रानात हरिण व रानटर्की नांदावीत याचे अगत्य अधिक असते. ही इच्छा कशी साधता येते आणि तिच्या पोटी कोणता अंतर्विरोध दडलेला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

येथे अभिप्रेत असलेले हरिण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरिण. ते दरवर्षी शिंगे गाळते व कुळाने काळविटापेक्षा चितळ-सांबराला जवळचे आहे. टर्की हा मूळचा अमेरिकेचाच पक्षी. तुर्कस्तानशी त्याचा संबंध केवळ नावापुरता, आणि तोही व्यापारातील गैरसमजातून जडलेला. भारताला त्याचा परिचय फार पूर्वी झाला. १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीराच्या दरबारी आणलेल्या टर्कीचे चित्र मन्सूर या चित्रकाराने काढले होते.

अनिर्बंध शिकार व जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही प्राणी पूर्वेकडील अनेक राज्यांतून नाहीसे होण्याच्या मार्गावर होते. शिकारीवरील निर्बंध, १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राखून ठेवणे, आणि १९५१ पासून तोफजाळ्याने पकडलेल्या रानटर्कींचे अन्यत्र पुनर्वसन, या उपायांनी चित्र पालटले. आज हरणांची संख्या सुमारे ३ कोटी, तर टर्कींची ६० लाखांच्या आसपास मानली जाते.

अधिवास-संवर्धनाचे मूलतत्त्व एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द 'प्रकाश' हा होय. एकाच वयाच्या वृक्षांनी दाटलेले वन दिसावयास भव्य असले तरी त्याच्या तळाशी ऊन पोहोचत नाही, आणि ऊन नाही तेथे हरणाच्या तोंडी लागेल असा पालाही नाही. म्हणून मालकाने निवडक वृक्ष तोडून छत्र विरळ करावे, अशी शिफारस केली जाते. मात्र उत्तम वृक्ष विकून रोगट तेवढे राखणे, ही व्यापाऱ्याच्या सोयीची पद्धत येथे घातक ठरते. तोडावयाचे ते निकृष्ट वृक्ष. राखावयाचे ते फळ देणारे.

फळ देणाऱ्या वृक्षांत ओक प्रमुख होय. एके काळी हा मान चेस्टनटचा होता; परंतु १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने पुढील काही दशकांत तो वृक्ष जवळजवळ नामशेष केला आणि त्याचा भार ओकवर पडला. पांढऱ्या ओकचे फळ एका वर्षात पिकते, तांबड्याचे दोन वर्षांत. त्यामुळे एखाद्या वसंतातील हिमाने मोहोर जळाला तर पांढऱ्या ओकचे पीक त्याच वर्षी बुडते, तांबड्याचे पुढील वर्षी. दोन्ही जाती राखणाऱ्याच्या वनात सहसा संपूर्ण दुष्काळ पडत नाही.

टर्कीच्या गरजा अधिक गुंतागुंतीच्या आहेत. मादी दहा-बारा अंडी जमिनीवरच घालते आणि सुमारे २८ दिवस उबविते; तेव्हा तिला दाट झुडपांचा आडोसा हवा. पिलांना पहिले सुमारे दोन आठवडे धड उडता येत नाही व त्यांचे पोषण मुख्यतः कीटकांवर होते. त्यासाठी गवताळ मोकळी जागा हवी. मोठे पक्षी रात्री उंच झाडांवर बसतात. कुरण, झुडूप व वृक्ष ही तिन्ही एकमेकांच्या आटोक्यात असली तरच तो पक्षी तेथे टिकतो.

येथवरचे विवेचन सरळ आहे. अडचण पुढे येते. छत्र विरळ केले, पाला वाढला, हरणे वाढली. आणि त्याच हरणांनी ओकची कोवळी रोपे खाऊन टाकली. त्यांचे तोंड पोहोचते तेथपर्यंतचा थर रिता होतो, त्यांना न रुचणारे नेचे जमीन व्यापतात, आणि नेच्यांच्या सावलीत नवे रोप उगवणे दुरापास्त होते. वायव्य पेन्सिल्व्हेनियात १९७९ पासून दहा वर्षे कुंपणांच्या आत निरनिराळ्या संख्येने हरणे ठेवून प्रयोग करण्यात आला. हरणे दर चौरस मैलास साधारणतः २० च्या पुढे गेली की नव्या रोपांची व मधल्या थरात घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांची हानी होते, असे त्यात दिसून आले. वृद्ध ओक पडतील तेव्हा त्यांची जागा घेणारे कोणी नसेल, आणि त्याची झळ टर्कीलाही बसेल.

लांडगा व प्यूमा हे नैसर्गिक भक्षक तेथून केव्हाच नष्ट झाले असल्याने संख्येवर अंकुश ठेवण्याचे काम मुख्यतः शिकाऱ्याकडे येते, आणि माद्यांची संख्या घटविल्यावाचून तो अंकुश परिणामकारक होत नाही. परंतु मादी मारू नये, हा हरणे दुर्मीळ असतानाच्या काळातील संकेत शिकाऱ्यांच्या मनातून सहजी जात नाही. शिवाय हरणाचा वावर शेकडो एकरांवर असतो, तर पुष्कळ मालकांची भूमी त्याहून कितीतरी लहान असते. तेव्हा शेजाऱ्यांनी एकविचाराने वागल्यावाचून एकट्या मालकाचे प्रयत्न तोकडे पडतात.

तात्पर्य, हरणांसाठी वन राखणे आणि हरणांपासून वन राखणे ही दोन कामे परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत. मालकाच्या यशाची खरी कसोटी एखाद्या हिवाळ्यात त्याला दिसलेल्या हरणांच्या संख्येत नाही. त्याच्या वनात गुडघाभर वाढलेली ओकची रोपे किती आहेत, यात ती आहे.