मोठे कोणाला म्हणावे?

दिवाळीची झाडलोट हा आमच्या घरात दरवर्षी एखाद्या वादाचा मुहूर्त असतो. गेल्या वर्षी तो माझ्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांवरून झाला. यंदा भिंतीवरून झाला. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कन्येने खोलीच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर एक भलेमोठे चित्र डकवले. डोळ्यांवर केस आलेला, दाढी वाढलेला, विटक्या स्वेटरातला एक गोरा तरुण. हातात गिटार, तीही डावखुरी.

“अहो, ऐन दिवाळीत लक्ष्मीची तसबीर सोडून हे कोणाचं ध्यान?” सौभाग्यवतींनी आमचे लक्ष वेधले.

“कर्ट कोबेन,” कन्या म्हणाली. “ग्रेट आहे तो, बाबा.”

आता मराठीच्या प्राध्यापकासमोर असा शब्द टाकणे म्हणजे मांजरासमोर दुधाचे भांडे ठेवणे. मी म्हणालो, “ग्रेटला आपल्याकडे तीन शब्द आहेत. मोठा, थोर आणि महान. यातला नेमका कोणता?”

“तिन्ही!” ती ठसक्यात म्हणाली, आणि मग संगमनेरातल्या त्या खोलीत मलाच व्याख्यान ऐकावे लागले. हा कोबेन १९६७ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, अ‍ॅबरडीन नावाच्या लहान गावी जन्मला. १९८७ साली त्याने मित्रासह वाद्यवृंद काढला. त्याचे नाव ‘निर्वाणा’, म्हणजे आपलेच निर्वाण! या मंडळींच्या संगीताला ‘ग्रंज’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच मुळी मळ, घाण असा. १९८९, १९९१ आणि १९९३ या सालांत त्यांचे तीन अल्बम निघाले. त्यांतल्या दुसऱ्याने जानेवारी १९९२ मध्ये खपाच्या यादीत चक्क मायकेल जॅक्सनला पहिल्या जागेवरून खाली ओढले. आणि एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, नशेच्या आणि नैराश्याच्या विळख्यात सापडलेल्या या माणसाने स्वतःच आपले आयुष्य संपवले.

“झाले तर!” मी म्हणालो. “तीन अल्बम, मळकट गाणी, नशा आणि असा शेवट. याला थोर म्हणायचे?”

कन्येने क्षणभर माझ्याकडे पाहिले. “मग तुम्ही वर्गात ज्याचं एवढं कौतुक करता, तो तुमचा अनंत फंदी काय करत होता? तमाशाच ना?”

वाचकहो, मी निरुत्तर झालो. संगमनेरात राहून अनंत फंदीवरून निरुत्तर होणे ही काही साधी नामुष्की नव्हे.

अनंत फंदी आमच्या गावचा. आडनाव घोलप, जातीने ब्राह्मण, काळ १७४४ ते १८१९. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची दोस्ती होती, त्यावरून त्यालाही फंदी हे नाव पडले असे सांगतात. उत्तर पेशवाईतल्या गाजलेल्या शाहिरांत त्याची गणना होते. त्याने लावण्या रचल्या, पोवाडे रचले, डफ-तुणतुण्याच्या साथीने तमाशा केला. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली ती आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला. तिच्यावरचा त्याचा पोवाडा प्रसिद्ध आहे. आणि त्याचा तो उपदेशपर फटका तर शाळेत घोकल्याशिवाय आमची पिढी मोठीच झाली नाही.

आता त्याच्याबद्दलची आख्यायिका पाहा. अहिल्याबाई होळकरांनी त्याची कानउघाडणी केली, की ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही. शाहिराला ते लागले. त्याने डफ खाली ठेवला आणि तो कीर्तन करू लागला. या अहिल्याबाई जन्माने जामखेड तालुक्यातल्याच चौंडीच्या. २०२४ साली नगर जिल्ह्याला नाव मिळाले तेही त्यांचेच. तेव्हा ही गोष्ट आमच्याकडे दुप्पट अभिमानाने सांगितली जाते. मीही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, “आणि शाहिराने डफ खाली ठेवला!” मुले गंभीर होतात, तास संपतो.

त्या रात्री मात्र माझ्या ध्यानात आले, की आपण फंदीला मोठे म्हणतो ते त्याने डफ वाजवला म्हणून नव्हे, तर तो खाली ठेवला म्हणून! लावणी आम्ही झटपट उरकतो आणि फटक्यावर तासभर बोलतो. पण त्या फटक्याचा वेग आला कोठून? प्रत्येक ओळीच्या शेवटी बसणारा तो तडाखा, बाजारातल्या माणसाच्या तोंडची ती रोखठोक बोली, हे काही पोथी वाचून साधत नाही. रात्र रात्र उभे राहून, समोर बसलेल्या शेतकऱ्या-शिपायांना जागे ठेवून ते कमवावे लागते. मला तरी त्या उपदेशातून ढोलकीच ऐकू येते. पुढे कित्येक कवींनी फटके लिहिले. ती वाट पाडली तमाशात तयार झालेल्या माणसाने.

दुसऱ्या दिवशी मी कन्येला म्हणालो, “दाखव बघू तुझा तो कोबेन.” तिने १९९३ च्या नोव्हेंबरातल्या एका मैफलीचे चित्रीकरण लावले. रंगमंचावर पांढरी लिलीची फुले, मेणबत्त्या, आणि खुर्चीवर वाकून बसलेला तो. मी आरडाओरड्याच्या तयारीने बसलो होतो. तो तर बराच वेळ हळूच गात होता. शेवटचे गाणे त्याचे स्वतःचे नव्हतेच. लेडबेली नावाच्या एका कृष्णवर्णीय लोकगायकाने गाजवलेले ते जुने लोकगीत होते. हा लेडबेली तुरुंगाच्या वाऱ्या केलेला माणूस. सभ्य घरांनी दारात उभे केले नसते असा. शेवटच्या कडव्याला कोबेनचा आवाज चढला, फाटला, आणि त्याच फाटक्या आवाजाने त्याने ते गाणे तडीला नेले. आमच्या शास्त्रात याला बेसूर म्हणतील. पण अंगावर काटा आला, हे कबूल केले पाहिजे.

आणि त्या काट्याबरोबर मला आमच्या घरातला एक माणूस आठवला.

माझ्या आजोबांचे धाकटे बंधू ढोलकी वाजवीत. तरुणपणी ते नारायणगावच्या बाजूच्या एका फडाबरोबर निघून गेले. मग घरात त्यांचे नाव निघेना. मी आठ-नऊ वर्षांचा असताना, ऐन दिवाळीत, ते एकदा संध्याकाळी आले. वडिलांनी त्यांना ओटीवरच बसवले. आईने फराळाचे ताट माझ्या हाती बाहेर पाठवले. म्हाताऱ्याने चकली खाल्ली, रिकामा डबा पालथा घातला आणि माझ्यासाठी त्यावर बोटे फिरवली. एवढ्याशा पत्र्यातून पाऊस पडावा तसे बोल निघाले! आतून वडिलांची हाक आली, “आत ये रे.” मी आत गेलो. सकाळी ओटी रिकामी होती. पुढे ते कधी वारले, हेही आम्हांला उशिरा कळले.

आज शासन विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी लोककलेवर निबंध वाचतो. माझ्याही नावावर तसे दोन आहेत. पण त्या चुलत आजोबांविषयी मी घरात एक अक्षर काढले नव्हते. कन्येला ते ठाऊकच नव्हते. त्या दिवशी प्रथमच सांगितले.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, ते मोठे होते का हो?”

“ठाऊक नाही, बाळ. आम्ही त्यांना ऐकूनच घेतलं नाही.”

वादाचा निकाल लावणे प्राध्यापकाला भागच असते, म्हणून लावतो. ज्याच्या गाण्यात, हजारोंच्या मनात असलेले पण त्यांना बोलता न आलेले काही बोलले जाते. ज्याच्या मागून येणाऱ्यांना नवी वाट सापडते. आणि जो गेल्यावरही ज्याचे गाणे दुसऱ्याच्या कामी येते, तो कलावंत मोठा. या मापाने अनंत फंदी मोठा आणि कोबेनही मोठा. तीस वर्षांनी संगमनेरातली एक मुलगी त्याच्यासाठी आपल्या बापाशी भांडते, हा पुरावा मला पुरेसा आहे. ‘थोर’ हा शब्द मात्र मी राखून ठेवतो. त्यात गाण्याबरोबर जगणेही मोजले जाते, आणि ते मोजायला आपण कोण?

एक गोष्ट मात्र मी तिला बजावून सांगितली. अकाली मरण हे मोठेपणाचे प्रमाणपत्र नव्हे. आमचे बालकवी, नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी मुलासारखे राहिलेले, तेही १९१८ साली भादली स्टेशनावर रेल्वेखाली सापडून सत्ताविसाव्या वर्षीच गेले. त्यांच्या मरणाने मराठी कवितेचे मोल वाढले नाही. न लिहिलेल्या कितीतरी कविता तेवढ्या बुडाल्या. फंदी पंचाहत्तरीपर्यंत जगला म्हणून लहान ठरला नाही. आणि कोबेन गेला तेव्हा त्याची मुलगी दोन वर्षांचीही झाली नव्हती. चित्र भिंतीवर असू दे, पण त्या मुलीला विसरू नकोस. मन फार काळवंडले तर गाणे लाव, पण आधी मला हाक मार. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

“मारीन,” ती म्हणाली.

चित्र भिंतीवर राहिले. लक्ष्मीची तसबीर सौभाग्यवतींनी समोरच्या भिंतीवर लावली. दोघांचे बरे चालले आहे. यंदा वर्गात फंदी शिकवताना मी डफ खाली ठेवल्याशी थांबणार नाही, आधी तो वाजवीन म्हणतो. आणि फराळाचे डबे भरताना मी एक रिकामा डबा बाजूला काढून ठेवला आहे. कन्या त्यावर बोटांनी ठेका धरायला शिकते आहे. अजून पाऊस पडत नाही. पण ढग आले आहेत.