घरासाठी प्लेस्टेशन ५ घेताय? आधी डिस्क, मग गेम

गणपतीला मुंबईची मंडळी आली की महाड-पोलादपुरातली घरं भरतात. अशा घरासाठी प्लेस्टेशन ५ घेताना आधी डिस्क ड्राइव्ह बघा. डिजिटल आवृत्तीत ती नसते, प्रत्येक गेम डाउनलोडच करावा लागतो आणि मोठे गेम ५० ते १०० जीबीचे असतात. मोबाइल हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरात हे अवघडच. डिस्क मात्र भावंडांत फिरते, खेळून झाली की विकताही येते. (अपडेट तरीही डाउनलोड करावे लागतात.)

पुढचा खर्च दुसऱ्या कंट्रोलरवर. प्लेस्टेशन ४चा जुना कंट्रोलर जोडता येतो, पण त्यावर प्लेस्टेशन ५चे गेम चालत नाहीत. सेकंडहँड घेताना इथेच फसायला होतं.

'ओव्हरकुक्ड'मध्ये चौघं मिळून स्वयंपाकघर सांभाळतात. 'इट टेक्स टू' एकट्याला खेळताच येत नाही, पण तो १२ वर्षांवरच्यांसाठी. घरातच एकत्र खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागत नाही.

पावसाळ्यात वीज मध्येच जाते, म्हणून यूपीएस हवा. कन्सोल खेळताना साधारण २०० वॅट घेतो, टीव्हीचे वेगळे धरा. आणि जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं होतं. नदीकाठी राहत असाल, तर पावसाळ्यापुरता कन्सोल वरच्या मजल्यावर हलवा.